खुडूक कोंबडीखाली खायची पिल्लं वाढवताना: पुणे परिसरातल्या नवख्यांसाठी

मुळशी, मावळ, भोर, पुरंदर या पट्ट्यात शहरातून येऊन दोन-चार गुंठ्यांत घर बांधलेल्या माणसाची पहिली हौस बहुधा कोंबड्यांचीच असते. आठवडी बाजारातून आठ-दहा गावरान येतात, अंडी सुरू होतात, आणि एक दिवस त्यांतली एक टोपलीतून उठायचं नावच घेत नाही. हात घातला की पिसं फुगवून गुरगुरते, टोचते. अंडी देणं बंद. अशी अंड्यांवर ठाण मांडून बसणारी कोंबडी म्हणजे खुडूक. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात: पाण्यात बुडवून काढा, नाकात पीस खुपसा, पाय बांधून ठेवा, खोड मोडेल. यातलं काहीही करू नका. ही खोड मोडायची नसते, कामाला लावायची असते.

एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी केली तरी चालते. पुण्याच्या आसपास डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो, आणि वीज जायची ती नेमकी तेव्हाच जाते. बल्बखाली पिल्लं वाढवणाऱ्याला विचारा. रात्री वीज गेली की गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि सकाळी खालची गुदमरून मेलेली सापडतात. कोंबडीच्या पोटाखाली हा प्रश्नच येत नाही. वर ती त्यांना दाणा टिपायला शिकवते, घार दिसली की हाक मारून गोळा करते आणि अंधार पडायच्या आत घरी आणते.

मात्र तिचा आवाका ओळखून चाला. गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची. थंडीत १० ते १२ आणि उन्हाळ्यात फार तर १५ पिल्लं तिच्याखाली नीट मावतात. म्हणजे हे घरच्या जेवणापुरतं आणि ओळखीच्या दोन-चार गिऱ्हाइकांपुरतं काम आहे. एकदम शंभर पक्षी करायचे असतील तर ब्रूडरला, म्हणजे बल्बच्या उबेवर पिल्लं वाढवायच्या जागेला, पर्याय नाही.

पिल्लं कोणत्या जातीची घ्यायची

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. कोंबडी ऊब देईल, राखण करेल. पण पिल्लू किती दिवसांत किती वजन धरेल हे तिच्या हातात नाही, ते जातीवर ठरतं.

शुद्ध गावरान कोंबड्याला सव्वा-दीड किलो भरायला पाच-सहा महिने लागतात. चवीला तोड नाही, पण तेवढे दिवस खाऊ घालायचं आणि तेवढे दिवस मुंगसापासून वाचवायचं. दुसऱ्या टोकाला ब्रॉयलर: कॉब जातीचं पिल्लू पाच-साडेपाच आठवड्यांत दोन किलो होतं. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक पिल्लू आठ-नऊशे ग्रॅमचं झालेलं असतं आणि तरी संध्याकाळी आईखाली शिरायचा हट्ट सोडत नाही. बारा पिल्लं खाली घुसली की कोंबडी अक्षरशः जमिनीवरून उचलली जाते आणि त्यांच्या पाठींवर तरंगत बसून राहते. हसू येतं, पण ऊब कुणालाच मिळत नाही. दिवसाही ती पुढे चालत राहते आणि ही जड पोरं चार पावलांत बसकण मारतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० वर गेला की ब्रॉयलर धापा टाकून मरतात, ते वेगळंच.

म्हणून मधला रस्ता धरा. गिरिराज, वनराज, कावेरी यांसारख्या परसातल्या सुधारित जाती यासाठी चांगल्या. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठातली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातली. रंगीत पिसं, बळकट पाय, उकरून खायची सवय, आणि खाद्य बरं मिळालं तर अडीच-तीन महिन्यांत दीड किलोच्या आसपास वजन. कडकनाथचं कौतुक बरंच ऐकू येतं, पण तो अंगानं लहान आणि वाढीला सावकाश. पहिल्या खेपेला त्याच्या मागे लागू नका.

पुण्यात खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे आधी चौकशी करून मागणी नोंदवा आणि पिल्लं कोणत्या दिवशी निघतात ते विचारून ठेवा. खासगी हॅचऱ्याही पुष्कळ आहेत, पण दहा-बारा पिल्लांसाठी कुणी पेटी फोडायला राजी नसतो, तेव्हा आसपासच्या दोन-तीन घरांनी मिळून घ्यावीत. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला बसतात, ती मात्र मुलांनी कितीही हट्ट केला तरी घेऊ नका. ती कोणत्या जातीची, किती दिवसांची, लस दिलेली की नाही, यातलं काहीच कळायला मार्ग नसतो.

कोंबडी खरंच खुडूक आहे का

दुपारी अंडं द्यायला बसलेली प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. खरी खुडूक रात्रीही माच्यावर जात नाही, अंड्यांवरच मुक्काम करते. पोटाखाली हात घातला तर छातीवरची पिसं गळून कातडी उघडी पडलेली आणि गरम लागते. तुरा फिकट होतो. दिवसातून एकदा उठते, अंग फुगवून खुडखुड करत फिरते, ढीगभर आणि भयंकर वासाची विष्ठा टाकते, घाईघाईत दाणापाणी करते आणि परत येऊन बसते. बाहेरचा हा फेरा पंधरा-वीस मिनिटांत उरकत असेल तर समजा, बाई पक्की आहे.

तरी लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन-तीन खोटी अंडी, प्लॅस्टिकची किंवा लाकडाची, तिच्याखाली ठेवून दोन रात्री बघा. दुसऱ्या जागी हलवायची असेल तर तेही याच काळात आणि अंधार पडल्यावर. दिवसाउजेडी हलवलेली कोंबडी जुन्या जागेकडे पळते. नव्या जागी सकाळीसुद्धा ती खोट्या अंड्यांवर बसलेली दिसली की पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.

पहिल्यांदाच बसणारी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कधी मध्येच उठून जाते. त्यापेक्षा एकदा पिल्लं काढलेली कोंबडी घ्यावी. तुमच्याकडे नसेल तर गावात एखाद्या मावशींकडे हमखास असते, आणि अंडी बंद केली म्हणून त्या तिच्यावर वैतागलेल्याच असतात. दोन पिल्लं देण्याच्या बोलीवर मागून बघा.

बसायची जागा

बांबूची पाटी किंवा टोपली घ्या. तळाला दोन-तीन इंच माती घालून मधोमध किंचित खोलगट दाबा म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. वर भाताचा पेंढा. मुळशी-मावळात पेंढ्याला तोटा नाही. पुरंदर-शिरूरकडे कोरडं गवत चालेल. मार्च ते मेमध्ये हवा फार कोरडी असते, तेव्हा टोपलीखालची जमीन अधूनमधून ओली करावी. पेंढा मात्र कोरडाच हवा.

बसवण्याआधी कोंबडीचं अंग तपासा. पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकून पाहिलं की उवा-पिसवा पळताना दिसतात. एकवीस दिवस एकाच जागी बसणाऱ्या कोंबडीवर त्या इतक्या वाढतात की ती अंडी टाकून उठते, आणि पिल्लं निघाली की सगळी फौज त्यांच्यावर जाते. औषध आणि त्याचं प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच घ्या. जंताचं औषधही त्याच फेरीत देऊन टाका. टोपलीजवळ एका घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. उठल्यावर ती त्यात मनसोक्त लोळते.

ही जागा बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी हवी. नाहीतर दुसऱ्या येऊन तिच्याच टोपलीत अंडी घालतात आणि कोणतं कधीचं हे कळेनासं होतं. रात्री दार बंद व्हायला हवं आणि जाळी अर्ध्या इंचाची हवी. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस येतं, उंदीर येतात, आणि अंड्यांच्या वासानं सापही येतो. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याची ये-जा असते, तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागूनच असलेलं बरं.

अंडी बसवायची की पिल्लं आणायची

अंडी बसवायची तर ती कोंबडा फिरत असलेल्या कळपातलीच हवीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुकानातल्या ट्रेमधल्या अंड्यांतून, पांढरी असोत की तपकिरी, काही निघत नाही. त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली आणि न धुतलेली अंडी निवडा. निमुळतं टोक खाली करून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात साठवा, फ्रिजमध्ये नको. उन्हाळ्यात बाहेरच्या उष्म्यानंच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि मग ती थांबते, म्हणून तेव्हा चार-पाच दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत. सगळी अंडी एकाच संध्याकाळी ठेवा. रोज एक-एक वाढवत गेलात तर पिल्लंही रोज एक-एक निघतात आणि पहिली निघाली की कोंबडी बाकीची सोडून उठते. प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण करा.

जुनी माणसं अंडी विषम मोजून ठेवतात, अमावस्या टाळतात, आणि विजेच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा घालतात. त्यानं पिल्लं जास्त निघतात असं मला वाटत नाही, पण बिघडतही काही नाही. आजीबाई घालत असतील तर घालू द्या, वाद घालून उपयोग नसतो.

सातव्या रात्री अंडी उजेडावर तपासा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून मागे मोबाइलची टॉर्च धरा आणि अंड्याचं रुंद टोक भोकावर टेकवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला की जीव धरला. अंडं नुसतं पिवळसर स्वच्छ दिसलं तर ते वांझ. लाल कडं दिसलं तर जीव धरून मेलेलं. ही दोन्ही काढून टाका, कारण नासलेलं अंडं टोपलीत फुटलं तर बाकीचीही जातात. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा बघा. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

या काळात कोंबडीला अख्खं धान्य द्या: मका, ज्वारी, बाजरी. त्यानं विष्ठा घट्ट राहते आणि टोपली घाण होत नाही. काही कोंबड्या इतक्या चिवट असतात की खायलाही उठत नाहीत. अशा कोंबडीला रोज एकदा दोन्ही हातांनी हळूच उचलून दाण्यापुढे ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, हे पाहा. अंडी फिरवायची काळजी तुम्ही करू नका, ते ती चोचीनं दिवसभर करते.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. एखादा दिवस इकडेतिकडे. पिल्लानं निघण्याआधी पोटात ओढून घेतलेला बलक त्याला दोन दिवस पुरतो, तेव्हा पहिल्या दिवशी दाणा भरवायची घाई नको. न फुटलेली अंडी तेविसाव्या दिवशी उचलून पुरून टाका.

सुधारित जातीची फलित अंडी थोडीथोडकी मिळणं अवघड जातं. म्हणून मी नवख्यांना दुसरा मार्ग सुचवतो: कोंबडीला खोट्या अंड्यांवर बसवून ठेवायचं आणि हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणून तिला द्यायची. यात अंडी फुकट जाण्याची भीती नाही, आणि हॅचरीत मरेक्स या लकव्याच्या रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचलेली असते, जी घरच्या पिल्लांना सहसा मिळत नाही.

रात्रीची अदलाबदल

कोंबडी निदान दहा-बारा दिवस बसलेली असावी. तीन आठवड्यांच्या जवळ आली असेल तर उत्तम. कालच खुडूक झालेली कोंबडी पिल्लांना परकं समजून टोचू शकते. उलट महिनाभर नुसती बसवून ठेवली तर ती वाळून काटकी होते. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. चार दिवस बल्बखाली राहिलेल्या पिल्लाला आईची हाक कळत नाही, ते तिच्याखाली थांबतच नाही.

पिल्लं बहुतेक वेळा दुपारी हातात पडतात, अदलाबदल रात्री नऊ-दहानंतर करायची. मधल्या वेळात खोक्यात बल्बखाली ठेवा आणि आधी पाणी पाजा. प्रवासानं सुकलेली असतात. लिटरभर कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवा, एकेकाची चोच पाण्यात किंचित बुडवा आणि सोडा. मान वर करून त्यानं घोट गिळला की त्याला पाणी कळलं. मग तासाभरानं दाणा.

रात्री मोठा दिवा लावू नका. टॉर्चवर लाल कागद किंवा फडकं बांधा. कोंबडीशी हळू आवाजात बोलत एका हातानं मागच्या बाजूनं एक खोटं अंडं काढा, दुसऱ्या हाताच्या मुठीतलं पिल्लू त्याच जागी सरकवा आणि हात तिथेच थोडा वेळ राहू द्या. ती टोचली तर तुमच्या मनगटावर टोचेल. पहिली दोन पिल्लं देऊन थांबा आणि कान द्या. पिल्लं चिवचिव करतील, आणि कोंबडीचं गुरगुरणं थांबून घशातून हलकं, तुटक टुक-टुक सुरू होईल. तो आवाज आला की बाकीची द्यायला हरकत नाही. शेवटी सगळी खोटी अंडी उचला.

पहाटे उजाडायच्या आत तिथे हजर राहा, हे टाळू नका. अंधारात स्वीकारलेलं पिल्लू उजेडात वेगळ्या रंगाचं दिसलं म्हणून टोचणारी कोंबडी क्वचित भेटते. एखादी हलकी चोच म्हणजे दटावणी, ती चालते. डोक्यावर नेम धरून टोचत असेल तर पिल्लं लगेच काढून घ्या. यासाठी बल्ब आणि खोकं तयार ठेवलेलं बरं.

पहिला महिना

पहिले तीन-चार दिवस मायलेकरं आतच. चार फूट बाय चार फूट जागा पुरते. खाली भाताचं तूस दोन इंच. पाण्याचं भांडं उथळ घ्या आणि त्यात गोटे टाका. खोल ताटलीत पिल्लं बुडून मरतात, आणि कोंबडी उकरताना त्यात तूस भरते ते निराळं. विटेवर ठेवलं की जरा कमी भरतं.

खाद्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांपुढे येऊ द्यायचं नाही. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं. जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. पण कोंबडीनं पिल्लांचं खाद्य खाल्लं तर काहीच बिघडत नाही, ती सध्या अंडी देतच नाहीये. म्हणून दोघांना एकच चिक स्टार्टर, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं. नुसती तांदळाची कणी आणि बाजरी घातली की पिल्लं जगतात, पण मांस धरत नाहीत. गावात हीच पद्धत आहे आणि "आमची कोंबडी वाढतच नाही" ही तक्रारही त्यातूनच येते. मका भरडा, शेंगदाणा पेंड, अझोला ही पाण्यावर वाढणारी वनस्पती, वाळवी हे सगळं चांगलं, पण महिन्यानंतर आणि स्टार्टरच्या जोडीला. पिल्लांना दिवसभर खाद्य समोर असू द्या. कोंबडी सगळं उधळत असेल तर बांबूचं डालगं विटांवर उलटं ठेवा, म्हणजे खालच्या फटीतून पिल्लं आत जातात आणि ती बाहेर राहते.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून ऊन चढल्यावर बाहेर सोडा. पहिल्यांदा बाहेर आलेली कोंबडी बघण्यासारखी असते. दोन पावलं टाकते, पायानं माती मागे फेकते, एक किडा चोचीत धरते आणि पुन्हा खाली टाकते, पुन्हा उचलते, टुक-टुक करत राहते. पोरं धावत येतात, एक जण तो पळवतो, बाकीची त्याच्या मागे. ब्रूडरमधल्या पिल्लांना महिनाभर हे येत नाही. कावळ्याला ती अंगावर जाऊन पिटाळते. घारीपुढे आणि मांजरापुढे मात्र तिचा भरवसा धरू नका. पहिले तीन आठवडे वर जाळी किंवा दाट झाड हवंच. दव वाळायच्या आत सोडू नका, आणि पाऊस आला की लगेच आत.

लसीकरण

घरच्या कोंबड्यांना कशाला लस, असं म्हणणारा माणूस मानमोडी (राणीखेत) एकदा आली की पुन्हा तसं म्हणत नाही. ही साथ गावात शिरली की चार दिवसांत खुराडी रिकामी होतात, आणि रोग झाल्यावर औषध नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. सहा-सात आठवड्यांना देवीची, आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी, टोचून. तुमच्या भागात काय चालू आहे त्यावरून पशुवैद्यक यात बदल सांगतील, तो ऐका.

अडचण बाटलीची असते. ती शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि वाहून नेताना बर्फ हवा. बारा पिल्लांसाठी बाटली परवडत नाही. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवून लस द्यावी. त्यात स्वतःच्या पिल्लांचाही बचाव आहे, कारण शेजारची लस न दिलेली कोंबडी कुंपणाखालून येतेच.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, विशेषतः पावसाळ्यात, रक्ती हगवण बघा. पिल्लू पंख पाडून एका जागी डोळे मिटून उभं राहतं आणि विष्ठेत रक्त दिसतं. ओलं तूस हे तिचं मूळ. तूस रोज उलथवा, ओलं काढून टाका, आणि लक्षण दिसल्या दिवशीच दवाखाना गाठा. दोन दिवस वाट पाहिलीत तर फार उशीर होतो. एकाएकी पक्षी मरू लागले तर मेलेला पक्षी फेकू नका. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. स्थानिक दवाखान्यामार्फत तिथे तपासणी होऊ शकते. एकदम बरेच पक्षी मेले तर दवाखान्याला कळवायलाच हवं. बर्ड फ्लूचा धोका २००६ मध्ये नवापूरनं महाराष्ट्राला दाखवून दिला आहे.

कधी बसवायची

कोंबडी तिच्या मर्जीनं खुडूक होते, पण दोन-तीन कोंबड्या असतील तर थोडी निवड करता येते. खायच्या पक्ष्याला मागणी केव्हा आहे, तिथून मागे मोजा. एकवीस दिवस अंड्यांचे आणि तीन महिने वाढीचे, म्हणजे बसवल्यापासून चार महिने धरा. पिल्लंच आणलीत तर तीन.

चैत्र-वैशाखात जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा असतात, तेव्हा गावरानला भाव मिळतो. त्यासाठी डिसेंबरच्या मध्यावर बसवलेली कोंबडी उपयोगी पडते. थंडी असते, म्हणून पिल्लं दहाच ठेवा. आषाढी अमावस्येला, म्हणजे गटारीला, मागणीचा कळस असतो. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बसवायचं. गटारी संपली की श्रावण, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. अनेक घरांत तोवर कोंबडी शिजत नाही, आणि विकायला काढलेले पक्षी तुमचंच खाद्य खात बसतात. जून-जुलैमध्ये मुळशी-मावळात पिल्लं काढूच नयेत असं माझं मत आहे. भिंतींना ओल सुटते, तूस वाळत नाही आणि रक्ती हगवणीपुढे कोंबडीची माया कामी येत नाही. शिरूर, बारामती, दौंडसारख्या कोरड्या भागात हरकत नाही.

आईपासून तोडणं आणि पुढचे दोन महिने

गावरान कोंबडी आपल्या आपण पिल्लं सोडायला दोन-अडीच महिने लावते. तेवढी वाट पाहायची गरज नाही. पाचव्या आठवड्यात पिसं पुरती आली, रात्रीची थंडी फार नसली, की कोंबडीला उचलून परत मुख्य कळपात सोडा. पिल्लं हलवू नका, आईला हलवा. ती दोन दिवस आरडाओरड करते, मग विसरते, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंडी देऊ लागते. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यातला हा महिना-दीड महिना वाचवणं फायद्याचं असतं. दोन कोंबड्या एकाच आठवड्यात खुडूक झाल्या तर दोघींची पिल्लं उन्हाळ्यात एकीखाली घालून दुसरीला मोकळं करता येतं, फक्त पंधराच्या वर जाऊ नका.

पुढे जागा वाढवा. प्रत्येक पक्ष्याला निदान दीड-दोन चौरस फूट आत आणि मोकळं अंगण बाहेर. स्टार्टरवरून हळूहळू फिनिशरवर, म्हणजे मोठ्या होणाऱ्या पक्ष्यांच्या खाद्यावर न्या, एका दिवसात बदलू नका. दीड किलोच्या पक्ष्यामागे साधारण चार-साडेचार किलो खाद्य जातं असं धरा. फिरून खाणाऱ्याला कमी लागतं, पण त्याचं वजनही सावकाश येतं. दर रविवारी दोन-तीन पक्षी पिशवीत घालून काट्याला लटकवा. नुसत्या डोळ्यांना पिसांमुळे पक्षी नेहमी भरलेला वाटतो.

दहाव्या-अकराव्या आठवड्यात नर ओळखू येतात: तुरा लाल, पाय जाड, आणि सकाळी घसा बसल्यासारखी आरवण्याची तालीम. भांडणं सुरू झाली की मोठे नर आधी काढा. त्यानं उरलेल्यांचं वजन लगेच वाढतं, कारण मघापर्यंत त्यांना खाद्याजवळ कुणी येऊ देत नव्हतं. कापायच्या आदल्या रात्री खाद्य बंद, पाणी चालू. कोणतंही औषध चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय कापू नका, विकूही नका.

माद्या मागे ठेवायचा मोह होतो. अंड्यांसाठी ठेवा, गिरिराज-वनराजच्या माद्या गावरानपेक्षा बऱ्याच जास्त अंडी देतात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. जास्त अंडी देण्यासाठी निवडत आणलेल्या जातींत ती सवय बरीचशी उरलेली नसते. म्हणून ज्या गावरान कोंबडीनं ही पिल्लं वाढवली, तिची स्वतःची चार-पाच अंडी दर वर्षी एका खेपेला बसवा आणि त्यातल्या दोन तलंगा राखून ठेवा. त्यांच्या पायात रंगीत कडी घाला, नाहीतर गटारीच्या गडबडीत त्याच नेमक्या पातेल्यात जातात.